दिवसपाळीचं घर

‘हॉल का नाही घेतलात?’ असं मला जो तो विचारत होता. विचारणंही बरोबर होतं. नाशिकच्या सिडकोत आता हाकेच्या अंतरावर सभागृहं आहेत, पाथर्डी फाट्याकडे गेलं की लॉन्स आहेत, खुर्च्या-माइकसकट तासांवर भाड्यानं मिळतात. आमचं घर सिडकोनं बांधलेल्या तिसऱ्या योजनेतलं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर मागाहून चढवलेला मजला, आणि जिना इतका चिंचोळा की कपाट वर न्यायचं तर गच्चीवरून दोरानं ओढून घ्यावं लागतं. बायको गेली, तिच्या पहिल्या वर्षाला या घरात माणसं बोलवायची म्हणजे निम्मी गल्लीत उभी राहणार. त्यात दिवस श्रावणाचे, म्हणजे भिजत उभी राहणार. आमच्या थोरल्या भावाला हे सिन्नरला बसून स्पष्ट दिसत होतं. ‘लोकांना बोलावून चिखलात उभं करतोस का?’ असं तो फोनवर म्हणाला.

पण बोलवायचं कोणाला, ते आधी सांगितलं पाहिजे.

आमची ही या घरात पाळणाघर चालवायची. 1986 ते 2011. सातपूरची एमआयडीसी आधीची, अंबडची नंतर वाढली. तिथल्या कंपन्यांत जळगाव-धुळ्याकडून, नगरकडून, मराठवाड्यातून पोरं नोकरीला आली. त्यांची लग्नं झाली. सिडकोनं एकामागून एक सहा योजना बांधल्या आणि त्या घरांत ही बिऱ्हाडं शिरली. सासू-सासरे गावी, शेतीत अडकलेले. बायको शिकलेली, तिलाही शाळेत, बँकेत, टेलिफोनमध्ये, जिल्हा परिषदेत नोकरी. बाळंतपणाची रजा संपली की प्रश्न उभा राहायचा, आणि तो प्रश्न सकाळी पावणेआठला दुपट्यात गुंडाळून आमच्या दारात आणला जायचा. बरोबर दुधाची बाटली आणि लंगोटांची पिशवी. सुरुवातीला महिन्याचे 75 रुपये घ्यायची. पुढे वाढवले, पण दर वेळी वाढवताना आठवडाभर तिची झोप उडायची.

यातलं मी फार थोडं पाहिलं. मी अंबडला एका कंपनीत टूलरूमला. टूलरूमला रात्रपाळी नव्हती. सातला सायकल, पुढे लुना, काढायची आणि संध्याकाळी घरी यायचं. तोवर बहुतेक पोरं गेलेली असत. उशिरा सुटणाऱ्या आयांची दोन-तीन उरलेली, दप्तर पाठीला लावून दाराकडे डोळे लावून बसलेली. मी आलो की ती जरा सावरून बसत. शनिवारी मला सुट्टी, तेव्हा पाळणाघर अर्धा दिवस असे. पण ही मला नऊ वाजताच भाजीची पिशवी देऊन बाहेर काढायची. ‘तुमच्या आवाजानं बारकी उठतात,’ म्हणायची. माझा आवाज मशीनवर काम करून वाढलेला होता, हे खरंच. मी मंडईत जायचो, मग केस कापायला, मग उगाच मित्राकडे. एकंदर काय, ज्या घराचे हप्ते मी फेडले त्या घराची दिवसपाळी मला ठाऊकच नव्हती. ज्यांना ठाऊक होती त्यांना बोलवायचं होतं. आणि त्यांना लॉनवर बोलावून काय सांगणार? तुम्ही झोपायचात ती खोली इथून दोन किलोमीटरवर आहे, असं?

ती गेली तेव्हा गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं होतं. नाशिकला पावसाळ्यात पाणी किती आलं हे कोणी क्युसेकमध्ये विचारत नाही, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं ते विचारतात. आमच्या दहाव्याला ते त्याच्या कमरेच्या वर होतं. रामकुंडाच्या पायऱ्या पाण्याखाली, सगळे विधी वरच्या बाजूला दाटीवाटीनं चाललेले, एका वेळी आठ-दहा घरांची पिंडं मांडलेली. मंत्र एकमेकांत मिसळत होते. अस्थी तिथे विरघळून जातात अशी श्रद्धा आहे. त्यासाठी माणसं देशभरातून येतात, आम्ही तर सिडकोतून रिक्षानं गेलो होतो. कावळा लवकर शिवला. भाऊ म्हणाला, ‘इच्छा नव्हती काही मागे.’ मला ते पटलं नाही. हिला इच्छा फार होत्या. तो कावळा भुकेला असावा.

नंतर क्षेत्रोपाध्यांकडे वहीत नोंद केली. आमच्या कुळाच्या पानावर आजोबांची मोडीतली सही आहे, वडिलांची देवनागरीतली आहे, खाली आता माझी. हिचं नाव चढलं: याची पत्नी, त्यांची सून, हिची आई. त्या वहीचं काम कूळ सांगण्याचं आहे आणि ते ती पिढ्यानपिढ्या चोख करत आली आहे. त्याहून जास्त तिच्याकडून मागू नये.

तेरा दिवसांत भेटायला येणाऱ्यांनी घर भरलेलं असायचं. पण त्या भेटीची एक ठरलेली चाल असते. सतरंजीवर बसायचं, ‘काय झालं, कसं झालं’ विचारायचं, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगायचं: पहाटे घाम आला, मग दवाखाना, मग कागदावर सह्या. मग थोडं गप्प बसायचं, आणि ‘येतो’ न म्हणता उठायचं. यात माणूस कसा गेला ते शंभरदा सांगून होतं आणि कसा जगला त्याला वेळ उरत नाही. शिवाय बायकांचं एक वाक्य ठरलेलं: ‘नशीबवान हो, कुंकू घेऊन गेली.’ म्हणणाऱ्या बायका मायेनं म्हणत होत्या, त्यांना मी काय बोलणार? पण मी तिथेच बसलेलो होतो. हिचं नशीब माझ्या आधी जाण्यात होतं, तर मागे राहण्यात माझं काय होतं, याचं गणित कोणी मांडलं नाही. पितृपक्षात तिची अविधवा नवमी आली. आमच्याकडे नवरा असेपर्यंतच ती करायची रीत आहे. म्हणजे मी जिवंत असल्याचा पुरावा म्हणून वर्षातून एकदा ती जेवायला येणार, असं माझ्या मनात आलं आणि मी गुरुजींसमोर हसलो. लोकांना वाटलं, सावरले हे.

तर वर्षश्राद्ध तिथीला रीतसर केलं. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं. भावाचा मान राखला. त्यानंतरचा रविवार मात्र आमचा, म्हणजे माझा आणि मुलीचा. ती गंगापूर रोडला राहते.

निरोप गेला तशा मदतीला येणाऱ्यांच्या सूचना सुरू झाल्या. वॉर्डातला एक कार्यकर्ता आला. पोरगा चांगला, लहानपणी महिनाभर हिच्याकडे होता. म्हणाला, चौकात फ्लेक्स लावू, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, साहेबांचा फोटो वर कोपऱ्यात येईल. मंडप फुकट. मी म्हटलं, मंडपाची ताडपत्री तेवढी दे, चपला भिजू नयेत म्हणून. त्यानं खरंच ताडपत्री दिली आणि बांधूनही दिली.

माइक मी नाकारला, आणि त्याला कारण आहे. कंपनीतल्या सहकाऱ्यांच्या शोकसभांना मी आजवर बराच बसलो आहे. माइक हातात आला की माणूस विशेषणं बोलतो. मनमिळाऊ, हसतमुख, परोपकारी, अजातशत्रू. ज्याच्याशी दहा वर्षं बोलणं बंद होतं तोही अजातशत्रू म्हणतो. एकदा तर मला शेजाऱ्याला विचारावंसं वाटलं होतं की हे नक्की कोणाबद्दल चाललंय. आमची ही हसतमुख नव्हती. तिचा चेहरा कामात असताना आठ्यांचा असे. तिला राग पटकन येई आणि तो जायला वेळ लागे. हे सगळं पुसून काढून ‘हसतमुख’ लिहिलं, तर मी एक वर्ष कोणासाठी रडलो?

फोटोचंही तेच झालं. फोटोवाल्याला एका लग्नातला फोटो दिला होता. त्यानं मागचे पाहुणे काढून टाकले आणि निळं आकाश टाकलं, वर चेहरा गोरा केला. मुलीनं तो परत पाठवला. शेवटी एक जुना रंगीत फोटो निघाला. ही दारात उभी, कडेवर कुणाचं तरी मूल, आणि नजर कॅमेऱ्याकडे नाही. खाली डावीकडे कुठेतरी बघतेय आणि ओठ उघडे आहेत. चौकटीबाहेर कोणी तरी काही तरी करत होतं आणि त्याला ओरडा बसणार होता. तोच मोठा करून भिंतीला लावला. हार गणेशवाडीतून आणला, झेंडूचा.

जेवणावरून खरा वाद झाला. मुलगी म्हणाली, मऊ भात करायचा. मेतकूट, तूप, लिंबाचं लोणचं, भाजलेला पापड. दुपारी बारा वाजता या घरात पंचवीस वर्षं जे शिजलं तेच. वहिनी सिन्नरहून दोन दिवस आधी आल्या होत्या, त्या ओट्याजवळ हात थांबवून म्हणाल्या, ‘बाळंतिणीचं जेवण वाढणार का गं लोकांना?’ त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. लांबून आलेल्याला पोटभर घालावं, पान भरलेलं दिसावं, ही त्यांची रीत, आणि हिचीही तीच होती. पाहुणा आला की ही चार भाज्या करायची. मऊ भात पोरांचा. शेवटी घोटीहून इंद्रायणी तांदूळ आला, मऊ भातच ठरला, आणि वहिनींनी कोणाला न विचारता मोठा डबा भरून शेवेचे लाडू वळले. कोणी तरी येताना चिवडा आणला, नाशिकमध्ये तो कोणी ना कोणी आणतोच. पानं भरलेलीच दिसली.

रविवारी अकरापासून माणसं यायला लागली. पाऊस होता, पण झिमझिम.

घरात माणसं बसवण्याचं एक शास्त्र असतं, ते मला तोवर माहीत नव्हतं. कारण ते हीच सांभाळायची. म्हाताऱ्यांना भिंत लागते. गुडघे दुखणाऱ्या बाईला खुर्ची द्यायची, पण एकटीला द्यायची नाही, तिच्या बाजूला दुसरी खुर्ची ठेवायची, म्हणजे ती अवघडत नाही. पाण्याचा पिंप दाराजवळ ठेवला तर दार अडतं. मोरीत दोन टॉवेल लागतात. मी या सगळ्यात मागे पडत होतो आणि मुलगी पुढे होऊन उरकत होती. मला एका जागी बसवलं होतं, फोटोच्या डाव्या हाताला. येणारा आधी फोटोला फूल वाहणार, मग माझ्याकडे वळणार.

पण तसं झालं नाही. आत येणारी पोरं, पोरं कसली, तिशी-चाळिशीची माणसं, कोणाच्या हाताला स्वतःचं मूल, ती आधी घर बघत होती. एक जण फोटोकडे न जाता सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि वर बघून म्हणाला, ‘कडी अजून वरच आहे.’ ती कडी हिनं सुताराकडून उंचावर बसवून घेतली होती, पोरांचा हात पोचू नये म्हणून. आज तो सहा फूट उंच आहे. त्यानं ती उघडून बघितली. मग परत लावली. एकीनं मधल्या खोलीच्या खिडकीखाली बैठक मारली आणि तिथून हलायला तयार होईना. ‘माझी जागा,’ म्हणाली. तिच्यानंतर आलेल्या एकानं ‘तिथे मी झोपायचो’ म्हणून हक्क सांगितला. दोघांची वर्षं जुळवल्यावर निघालं की ती शाळेत गेली आणि त्याच जूनमध्ये तो आला. जागा रिकामी झाली होती म्हणून मिळाली. ही दोघं आयुष्यात पहिल्यांदा भेटत होती.

मला हे सगळं नवीन होतं. माझ्या घरात कोपऱ्याकोपऱ्याला मालक होते.

गप्पा कोणी सुरू केल्या आठवत नाही. बहुधा पानं हातात आल्यावर. मऊ भात हातात घेऊन भाषण करता येत नाही, त्याचा फायदा झाला. एक जण म्हणाला, दुपारी रेडिओ लावून झोपवायच्या, त्या वेळी शास्त्रीय गाणं लागायचं. आता कुठे मैफलीला गेलो की पहिल्या पाच मिनिटांत जांभई येते, बायको चिडते. दुसरा म्हणाला, चिमटा फार जोरात काढायच्या. इथे, दंडाच्या आतल्या बाजूला. लगेच चौघा-पाचजणांनी तीच जागा दाखवली. हशा पिकला. भाऊ जरा अस्वस्थ झाला. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मग एक बाई बोलल्या. टेलिफोनमधून निवृत्त झालेल्या, मुलगा आता बाहेरगावी. म्हणाल्या, ‘एकदा त्याच्या अंगात कणकण असताना मी त्याला आणून सोडला. मला सुट्टी नव्हती. त्यांनी दारातच कपाळाला हात लावला आणि चार जणींसमोर म्हणाल्या, नोकरी तुझी आणि ताप त्यानं काढायचा का? ठेवून घेतला, पण मला बोलल्या. मी रिक्षात रडत ऑफिसला गेले. खरं सांगू? मला त्या आवडायच्या नाहीत.’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘पण दुसरं पाळणाघर शोधलं नाही.’

खोलीत कोणी काही बोललं नाही. मी मात्र मनातून मोकळा झालो. वर्षभरात पहिल्यांदा कोणी तरी माझ्या बायकोबद्दल बोललं होतं. ती दारातली, कपाळाला हात लावणारी, चार जणींसमोर बोलून टाकणारी, हिला मी ओळखतो. मलाही ती आवडायची नाही कधी कधी. मी पण दुसरं घर शोधलं नव्हतं.

आणि मग आमची मुलगी बोलली. ती वाढत होती, मधूनच, हातात तुपाची वाटी. म्हणाली, ‘मीही दिवसभर तिला मावशीच म्हणायचे. मी आई म्हटलं की बाकीची पोरं आईच्या आठवणीनं रडायला लागायची. म्हणून तिनंच मला सांगितलं होतं, शेवटचं मूल घरी जाईपर्यंत मावशी म्हणायचं.’

मला हे माहीत नव्हतं. मी घरी येईपर्यंत ती ‘आई’ म्हणायला लागलेली असायची.

खिडकीखाली बसलेली ती मुलगी एकदम म्हणाली, ‘म्हणजे तू त्यांची मुलगी होतीस? आम्हाला वाटायचं, तुझी आई सगळ्यात उशिरा येते. कधी येतच नाही. म्हणून मी तुला माझ्या डब्यातली शेव द्यायचे.’

‘माहितीये,’ मुलगी म्हणाली. ‘मी घ्यायचे पण.’

तिच्या बोलण्यात तक्रार होती की नव्हती, मला सांगता येणार नाही. होती, असं मला वाटतं. होती तर बरंच झालं, ती त्या खोलीतच मांडायची होती, इतर कुठे मांडली असती तर कोणाला कळली नसती. वहिनींनी तिच्या हातातली तुपाची वाटी काढून घेतली आणि तिला खाली बसवून पान वाढलं.

दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळायची सूचना माझ्या एका सहकाऱ्यानं केली. त्याला सभांची सवय. सगळे उभे राहिले. अर्ध्या मिनिटात दुसऱ्या घाण्याच्या कुकरची शिट्टी झाली, कोणाच्या तरी तान्ह्यानं सूर लावला, आणि त्याला गप्प करायला चार बायका एकदम पुढे सरसावल्या. शांतता तिथेच संपली. ही असती तर तिनं मूल आधी उचललं असतं, कुकर नंतर.

दुपारी वह्या काढल्या. त्या कुठे आहेत ते मला ठाऊक होतं, कारण माळ्यावर मीच चढवल्या होत्या. जाड पुठ्ठ्याच्या, लाल कापडी पाठीच्या हजेरीवह्या. रोजची तारीख, पुढे नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, आणि शेरा. शेऱ्याचा रकाना हिनं पट्टीनं आखून इतरांच्या दुप्पट रुंद केला होता. मुलीनं त्या सतरंजीवर वर्षांप्रमाणे मांडल्या आणि माणसं आपापली पानं शोधायला लागली.

‘ताप 101. साडेआठला अर्धी गोळी. ऑफिसचा फोन लागत नाही. अकराला 99.’

‘पेज दोन वाट्या. तिसरी मागितली, दिली नाही. रात्री घरी जेवत नाही म्हणे.’

‘चावला. कोणाला ते लिहीत नाही, दोघांच्या आया एकाच ऑफिसात.’

यावर कोण कोणाला चावलं असेल याचा अंदाज बांधण्यात अर्धा तास गेला. दोघा-तिघांनी आपण होऊन गुन्हा कबूल केला. महिन्याच्या शेवटच्या पानावर हिशेब असे. कोणाचे आले, कोणाचे बाकी. बाकीच्या आकड्यापुढे कधी कधी ‘सोडले’ असं लिहिलेलं. किती ठिकाणी, ते मी मोजलं नाही. त्या रकमा मला कधी कळल्या नव्हत्या, आणि त्या काळात आमच्याकडेही पैसे भरून वाहत नव्हते. पण हे तिच्या दिवसपाळीतलं होतं. तिथला हिशेब तिचा.

निघताना वहिनी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. सवाष्ण गेलेली, तिच्या नावानं सवाष्णींना कुंकू लावायचं. पण आलेल्या आयांमध्ये आता कितीतरी जणींचे नवरे नाहीत. ज्या बाईला त्या घरातून वीस वर्षांपूर्वी पोर आणि कुंकू दोन्ही बरोबर मिळत होतं, तिला आज बाजूनं चपला शोधत निघून जावं लागणार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनानंही परिपत्रक काढलं. आमच्या उंबऱ्यावर ते परिपत्रक त्या दिवशी मुलीनं पोचवलं, तेही भाषण न करता. तिनं वहिनींच्या हातातून करंडा घेतला, ‘तुमचे पाय दुखतील, बसा’ म्हणाली, आणि येणाऱ्या प्रत्येकीपुढे धरला. दोघींनी लावून घेतलं. टेलिफोनवाल्या बाईंनी हात आडवा धरला, ‘मला नको गं, आता सवय राहिली नाही.’ मुलीनं आग्रह केला नाही. फोटोपुढच्या ताटातला एक गुलाब त्यांना दिला. वहिनी खुर्चीवरून बघत होत्या. काही म्हणाल्या नाहीत. गाडीत भावाजवळ म्हणाल्या असतील.

त्यानंतर मला नवीन उद्योग लागला आहे. ज्यांना वह्यांत आपलं पान सापडलं नाही, जे आलेच नव्हते, त्यांचे व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतात. वर्ष सांगा म्हणतो, मग वही काढून शोधतो, मोबाइलवर फोटो काढून पाठवतो. हात स्थिर राहत नाही, पहिला फोटो हललेला येतो. तरी रोज संध्याकाळी एखाद-दुसरं पान निघतंच. तापाच्या आकड्यावरून एक आजोबा माझ्याशी वाद घालून झाले आहेत.

परवा एका बाईंनी 1994 चं पान मागितलं. त्या बँकेत होत्या, आता पुण्याला मुलाकडे असतात. पान सापडलं. त्यात असं होतं: ‘आज पहिली पावलं. तीन. उंबऱ्याजवळ. आईला सांगितलं नाही, तिला घरी दिसू दे.’

मी ते पाठवू की नको, असा विचार करत बसलो. तीस वर्षं त्या बाई समजत असतील की पोरगं पहिल्यांदा आपल्यासमोर चाललं. मुलीला विचारलं. ती म्हणाली, ‘पाठवा. आईनं लिहून ठेवलंय म्हणजे कधी तरी कळावं असंच तिला वाटत असणार.’ मला तेवढी खात्री नव्हती, पण पाठवलं.

रात्री त्यांचा फोनच आला. हसत होत्या. म्हणाल्या, ‘अहो, मला त्याच दिवशी कळलं होतं. तुमच्या मुलीनंच सांगितलं, गेटपाशी. मावशीनं सांगू नको म्हटलंय, पण तो चालला, असं. मग मीच दुसऱ्या दिवशी येऊन मावशींना सांगितलं, काल संध्याकाळी घरी पहिलं पाऊल टाकलं म्हणून. त्यांना बरं वाटावं म्हणून. पुढचं पान बघा, लिहिलं असेल त्यांनी.’

पुढचं पान उलटलं. होतं. ‘आई म्हणाली, काल घरी चालला. फार खूश.’

मी तो शेरा फोनवर वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, ‘महिन्याच्या शेवटचं पान पण बघता का? त्या वर्षी आमची बदलीची धावपळ होती. माझ्याकडे त्यांचे पैसे राहिले असावेत असं मला कायम वाटतं.’

मी चष्मा पुसून पान काढलं. बाकी 150 होती आणि पुढे ‘सोडले’ नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी ताबडतोब माझा गुगल पेचा नंबर मागितला.